बाईवर लक्ष ठेवायला

भाच्याचा फोन आला तेव्हा मी शिकवते त्या शाळेला नुकतीच उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मी नाशिकला माझ्या घरात निवांत बसले होते. तो म्हणाला, "मावशी, माझं हैदराबादले ट्रेनिंग आहे. हिले अन् पोरीलेही नेतो. आई येत नाई म्हणते. तू येऊन राहशील का तिच्याजवळ?"

मी म्हटलं, येते की, त्यात काय.

मग तो जरा थांबला. "अन् थोडं पाहाजो तिच्याकडे."

"काय पाहू?"

"तू ये तं खरी. तुले समजेल."

मला काही समजलं नाही. पण फोनवर जास्त विचारावं असा त्याचा आवाज नव्हता, म्हणून मी गाडीचं तिकीट काढलं.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या सावली गावच्या घरात तिला सगळे बाईच म्हणायचे, मीही तेच म्हणते. आमच्या मोहल्ल्यात नर्स झालेली ती पहिली मुलगी. तिला नोकरी लागली ती गडचिरोलीच्या जंगलात, भामरागडच्या पलीकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात. मी तेव्हा शाळेत होते. घरच्यांना वाटलं, दोन वर्षांत बदली होईल. बाईने बदली कधी मागितलीच नाही. भाऊजी लवकर गेले, मुलगा गडचिरोलीच्या वसतिगृहात शिकला, आणि बाई निवृत्त होईपर्यंत तिकडेच राहिली. मग ती चंद्रपूरला मुलाकडे आली, तो तिथल्या वीज केंद्रात नोकरीला. मी लग्न होऊन नाशिकला आले. त्यानंतर आमची भेट व्हायची ती कुणाच्या लग्नात, नाहीतर कुणी गेल्यावरच्या जलदानाच्या कार्यक्रमात. म्हणजे ती माझी सख्खी बहीण, पण तिचा दिवस कसा जातो हे मला कधीच ठाऊक नव्हतं.

चंद्रपूर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कोळसा, धूळ आणि भट्टीसारखं ऊन येतं. स्टेशनवर उतरले तेव्हा तसंच होतं. पण रिक्षा कॉलनीच्या गेटातून आत शिरली आणि एकदम अंधारल्यासारखं झालं. इतकी झाडं. कडुनिंब, करंज, साग, आणि रस्त्यावर दोन्ही बाजूंनी वाकून एकमेकांत घुसलेले शिरीष. भर दुपारी गल्लीत संध्याकाळ वाटत होती. झाडांच्या मधूनच वीज केंद्राच्या चिमण्या दिसायच्या आणि पानांवर बोट फिरवलं की बोट काळं व्हायचं. भाच्याचं क्वार्टर अगदी शेवटच्या ओळीत. त्याच्यामागे कंपाउंडची भिंत, भिंतीमागे झुडपं, आणि झुडपांमागे जंगल सुरू होऊन ते पार ताडोब्यापर्यंत गेलेलं.

गेटावरच्या गार्डने रिक्षा थांबवून मला बजावलं, "बाई, दिवस बुडाल्यावर बाहेर फिरू नका. जनावर येऊन राह्यलं."

"कोणतं जनावर?"

"वाघीन आहे, पिलंवाली."

रिक्षावाला पुढे गेल्यावर म्हणाला, "वाघीन नाई वो, बिबट आहे." दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने सांगितलं, दोन्ही खोटं, तिकडच्या वस्तीतलं मोठं कुत्रं आहे, लोक उगाच भितात. शेजारची सून म्हणाली की तिच्या नवऱ्याने स्वतः पट्टे पाहिले. मी बाईला विचारलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "असेल ना. दोनही असतीन."

आणि मागचं दार तिने सताड उघडं ठेवलं होतं.

मी पोचले तेव्हा बाईने पाणी दिलं आणि विचारलं, "जेवली का वं?" मी म्हटलं, गाडीत खाल्लं. आम्ही बोलत बसलो. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, "जेवली का?"  भाचा म्हणाला ते हेच का? मग आठवलं, आमच्याकडे सगळेच असं विचारतात. आई तर पाहुणा जेवून हात धूत असतानासुद्धा विचारायची. मी बाईकडे पाहिलं. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण नेहमीसारखा म्हणजे कसा, हे तरी मला कुठे माहीत होतं?

पुढचे दिवस असेच गेले. मी तिच्याकडे पाहायची आणि पाहून काय समजायचं ते मला समजायचं नाही. लाखोळीच्या डाळीच्या वरणात तिने एकदा दुप्पट मीठ घातलं. ते माझ्याकडूनही होतं. कूलरमध्ये पाणी भरायला गेली आणि बादली तिथेच ठेवून अंगणात जाऊन बसली. पण तिथे वाळवणावर कावळे आले होते. एकदा ती मला काहीतरी सांगत होती आणि मधेच थांबली. हाताने हवेत गोल करून दाखवू लागली, "ते नाई का, ते... ज्यात आपन पीठ..." मी म्हटलं, "परात?" ती म्हणाली, "हो, परात," आणि पुढे बोलू लागली. मी रात्रभर त्या परातीचा विचार केला.

एकदा बाबांचा विषय निघाला. बाई म्हणाली, "बाबा गेले तवा धान कापनी चालू होती. शेतातूनच मानसं आले."

मी म्हटलं, "नाही गं. उन्हाळा होता. आई त्यांना पंख्याने वारा घालत होती, मला चांगलं आठवतं."

"पंखा कुठला वं? कापनी होती."

मला आता खात्री वाटली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन सावलीला धाकट्या भावाला फोन लावला आणि हळूच विचारलं. तो म्हणाला, "पोळा होऊन गेला होता ना. बैल रंगवलेलेच होते अजून." मी फोन ठेवला. तीन भावंडं, आणि एका बापाचं मरण तीन ऋतूंत. मग विसरभोळं कोण?

सगळ्यात जास्त गोंधळवणारी गोष्ट सकाळची. मी उठायची तेव्हा बाईचं अंथरूण रिकामं असायचं. तिची बुद्धवंदना झालेली असायची, अगरबत्ती अर्धी जळलेली असायची, आणि घरात भाताचा एक डबा कमी असायचा. ती मागच्या दारातून यायची ती ऊन चढल्यावर, रिकामा डबा घेऊन. "कुठे गेली होतीस?" म्हटलं की, "इथीच." एवढंच उत्तर. एके दिवशी मी खिडकीशी उभी होते तर भिंतीच्या दिशेने तिचा आवाज ऐकू आला. ती बोलत होती, हसत होती, आणि त्यातला एक शब्द मला समजत नव्हता. समोर कुणी दिसतही नव्हतं.

मी घाबरले. खरं तेच सांगते. बिबट्याची भीती मला तोपर्यंत एवढी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या मागे गेले. कंपाउंडची भिंत एका ठिकाणी ढासळली होती, माणूस वाकून जाईल एवढी. बाई पदर खोचून त्यातून पलीकडे गेली. तिचा तो वाकण्याचा सराव पाहून मी चकितच झाले. पलीकडे टिनाच्या झोपड्यांची ओळ होती, ठेकेदाराकडच्या मजुरांची. शेवटच्या झोपडीसमोर एक म्हातारी माडिया आदिवासी बाई पाय पसरून बसली होती, तिच्या पायांवर एक तान्हं बाळ. बाईने बाळाच्या अंगाला तेल लावायला घेतलं आणि दोघी बोलू लागल्या. गोंडीत, बाई नोकरीत शिकली त्या बोलीत. भराभर, एकमेकींचं वाक्य तोडत, हात हलवत. बाई हसली ती तोंड पूर्ण उघडून. माझ्याशी बोलताना ती अशी एकदाही हसली नव्हती.

मी तिथे उभी राहिले ते त्यांना दिसलं. बाईने मला जवळ बोलावलं आणि म्हातारीला माझ्याबद्दल काहीतरी सांगितलं. म्हातारीने मला "जोहार" केला, मग माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि काहीतरी बोलली. दोघी पुन्हा हसल्या.

"काय म्हणाली ती?"

"काई नाई वं."

"माझ्याबद्दल बोलली ना? सांग की."

"अवं, मराठीत त्याची मजा नाई येत."

घरी परतताना तिने सांगितलं की म्हातारी भामरागडकडची, मुलीच्या बाळंतपणासाठी इथे आली. जावई कोळसा उतरवण्याच्या कामावर आहे. भिंतीपलीकडून बाईला गोंडी गाणं ऐकू आलं तेव्हा ओळख झाली, बस्स. पूर्वीची काहीच ओळख नव्हती. मला हायसं वाटायला हवं होतं, कारण माझी बहीण हवेशी बोलत नव्हती. पण मला हायसं वाटलं नाही. मला राग आला होता आणि तो कशाचा होता तेही कळत नव्हतं. मी इतक्या लांबून आले, आणि हिला बोलायला भिंतीपलीकडची बाई लागते.

त्यानंतर काही दिवसांनी ती संध्याकाळ आली. वनविभागाची जीप भोंगा लावून कॉलनीतून फिरू लागली. जनावर शेवटच्या ओळीकडे दिसलं आहे, सगळ्यांनी घरात राहा, लेकरांना बाहेर सोडू नका. मी भराभर खिडक्या लावल्या आणि बाईला हाक मारली. बाई घरात नव्हती. न्हाणीत नव्हती, अंगणात नव्हती. मागचं दार उघडं.

मी दारात आले. शेजारची सून जाळीच्या खिडकीतून ओरडली, "मावशी, नका जाऊ वो! गार्डाले फोन लावते मी." मी थांबले असते तर बरं झालं असतं, पण मला थांबता आलं नाही. दाराआड जळमटं काढायचा लांब बांबूचा झाडू होता, तो घेतला आणि निघाले. त्या झाडूने मी कोणतं जनावर हाकलणार होते देव जाणे.

अजून पूर्ण अंधार नव्हता. झाडांखाली मात्र काळोख दाटला होता. भिंतीच्या पडलेल्या भागापाशी पोचले आणि भिंतीच्या कडेने काहीतरी चालत गेलं. माझ्यापासून फार तर अंगणाएवढ्या अंतरावर. ते पळालं नाही, दबकलं नाही, नुसतं चालत गेलं, जसं कुणी आपल्या घरी चाललेलं असावं. मला पाठ दिसली आणि लांब शेपूट दिसली. पट्टे होते की ठिपके, की नुसताच मळकट रंग, मला सांगता येणार नाही. नंतर सगळ्यांनी विचारलं, वनविभागाच्या माणसानेही विचारलं. मी त्याला म्हटलं, शेपूट होती. तो म्हणाला, "मॅडम, शेपूट तं सगळ्याइलेच असते."

 ते जनावर झुडपात गेल्यावर मी त्याच फटीतून पलीकडे गेले. 

बाई झोपडीत होती. बाळाला ताप भरला होता आणि ती त्याच्या कपाळावर ओला फडका ठेवत बसली होती. जावई दारात टिनाचा पत्रा काठीने बडवत होता. मला झाडूसकट पाहून बाई म्हणाली, "तू काऊन आली इथी?"

"काऊन आली? तू न सांगता निघून आलीस! बाहेर जनावर आहे, भोंगा ऐकला नाहीस?"

"तुले सांगतलं ना मी. पोराले ताप आहे, मी तिथीच थांबतो म्हनून. तू फोनवर बोलून राह्यली होती. हो म्हनली तू."

"मी? मी हो नाही म्हटलं."

"म्हनली वं."

दुपारी मी फोनवर बोलत होते हे खरं होतं. नणंदेचा फोन होता. त्यात बाई येऊन काही बोलली का? मी मान हलवली का? मी आठवण्याचा खूप प्रयत्न केला. आजही करते. कधी वाटतं, हो, दारात ती उभी होती. कधी वाटतं, तिने सांगितल्यामुळे मला तशी दिसते.

जीपवाले येऊन आम्हाला घरी सोडून गेले. बाईने हातपाय धुतले, भात टाकला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "त्यानं तुले माह्यावर लक्ष ठेवाले बोलावलं ना?"

मी ताटं मांडू लागले.

"सांग ना वं. मी काय रागावून नाई राह्यली."

"हो," मी म्हटलं.

"मंग काय दिसलं तुले?"

 मीठ, परात, बाबा, उघडं दार, सगळं डोक्यात फिरलं, आणि त्यातलं काहीच तिच्यासमोर ठेवण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "मला नाही कळत, बाई."

ती म्हणाली, "मले बी नाई समजत." तिचा आवाज अगदी साधा होता, जसा पेशंटबद्दल बोलताना असेल. "मराठी बोलता बोलता शब्द हरपते. वस्तू डोयापुढं दिसते, पन तोंडात येत नाई. तिच्यासंग बोलतो तवा नाई हरपत. काऊन तसं होते, मले सांग."

"तू त्याला सांगितलंस का? डॉक्टरकडे गेलीस का?"

"कोनाले सांगू? ज्याले सांगीन तो बाहेरून कडी लावते." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तू पन लावून राह्यली होती ना मागच्या दाराले? मले दिसत होतं."

मी खरंच रोज दुपारी ती झोपली की मागच्या दाराला कडी लावायची. बिबट्यासाठी, असं मी स्वतःला सांगत होते. त्या रात्री आम्ही दोघींनी भात-वरण आणि जवसाची चटणी खाल्ली. झोपताना तिने माझ्या अंगावर चादर टाकली.

बाळाचा ताप उतरला. पिंजरा लागला, त्यात बकरी बांधली, पण माझ्या मुक्कामात तरी त्यात काही सापडलं नाही. भाचा परत आला तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, काय वाटते तुले?" मी त्याला जे खरं होतं तेच सांगितलं. मला नक्की काही कळलं नाही. डॉक्टरला दाखव, पण तिला विचारून, तिच्यासमोर बोलून. तो हिरमुसला. त्याला हो किंवा नाही यापैकी एक हवं होतं आणि मावशी शिक्षिका असून दोन्हीपैकी काहीच देत नव्हती.

मी नाशिकला आले. थोड्याच दिवसांनी त्याचा फोन, घाबरलेला. "आई गेली, मावशी." माझा जीवच गेला. मग समजलं, गेली म्हणजे म्हातारीसोबत तिच्या गावाला. चार-आठ दिवसांत येतो म्हणून सांगून, पिशवीत लुगडी आणि थर्मामीटर घेऊन, एसटीने. पुढे तिकडे पाऊस लागला, नाल्यांना पूर आला, भामरागडचा रस्ता बंद झाला. गावात फोन लागत नाही. भाचा दोनदा रस्त्यातल्या आलापल्लीपर्यंत जाऊन परत आला. मला म्हणायचा, "तू तिले काही म्हटलं होतं का?" मी काय म्हटलं होतं? मी तर काहीच म्हटलं नव्हतं. मध्यंतरी त्या गावचा कुणीतरी शिक्षक तालुक्याला आला, त्याने फोन करून निरोप दिला की नर्सबाई ठणठणीत आहेत, लोक दुखणं घेऊन त्यांच्याकडे येतात, काळजी करू नका. त्या निरोपाने भाच्याचं समाधान झालं नाही, माझं अर्धं झालं.

पाऊस सरल्यावर बाई आली. काळी पडली होती, वाळली होती, पण चालण्यात जोर होता, असं भाचा म्हणाला. त्याने तिला विचारून नागपूरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी चित्रं दाखवली, शब्द विचारले, डोक्याचा फोटो काढला. म्हणाले, थोडं आहे, वयानेही असतं, आणखी काही महिन्यांनी दाखवा. म्हणजे पुन्हा तेच.

मी फोनवर तिला विचारलं, "बाई, रस्ता बंद होईल हे तुला माहीत नव्हतं का?"

ती म्हणाली, "माहीत होतं ना वं. सारी नोकरी तिथी काढली मी."

पुढच्या वेळी मी पुन्हा विचारलं, जरा वेगळ्या शब्दांत. ती म्हणाली, "ध्यानातच नाई राह्यलं बापा." दोन्ही वेळा ती हसत होती. यातलं खरं कोणतं हे मी भाच्याला सांगितलेलं नाही, कारण मला ठाऊक नाही.

आता उन्हाळा पुन्हा जवळ आला आहे. बाई यंदाही जायचं म्हणते. भाचा मला विचारतो, जाऊ द्यावं का? परवा मी बाईला फोन केला आणि म्हटलं, "मी येऊ का तुझ्यासोबत? सुट्टी आहे मला."

 

"तुले तिथी करमनार नाई," ती म्हणाली. "बोली समजनार नाई, पंखा नाई, काई नाई." मग म्हणाली, "पन चाल. साधी चप्पल आनजो, हिलवाली नको."

मी कधीच हिलवाली चप्पल घातलेली नाही. पण मी हो म्हटलं.